गट ब

माझा आवाज दर मंगळवारी मरतो,
साडेअकराच्या सुमारास,
मेडिकलच्या दुसऱ्या मजल्यावर, स्किल लॅबमध्ये.
मी तेव्हा काचेमागे बसून
बहुतेक चहा पीत असतो.

पुतळा आला तेव्हा इंग्रजीत कण्हायचा.
छाती वरखाली व्हायची, बाहुल्या लहानमोठ्या,
मनगटात नाडीसुद्धा होती,
पण दुखणं परदेशातलं.
एटापल्लीची करिश्मा मडावी, नर्सिंगचं पहिलं वर्ष,
त्याच्या खाटेशी हात मागे बांधून उभी राहिली.
स्क्रीनवरचे आकडे लाल होत गेले.
"का गं, थांबलीस का?"
ती म्हणाली, "तो माझ्याशी नाही बोलून राह्यला, मॅडम.
तुमच्याशी बोलून राह्यला."

बोकडे मॅडमनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.
त्यातूनच पुढे संशोधन निघालं :
समितीची मंजुरी, संमतीपत्रं तीन प्रतींत,
गट अ ऐकणार कंपनीचा आवाज,
गट ब ऐकणार इथला.
इथला म्हणजे माझा, दिगांबर धकाते, टेक्निशियन,
कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी
दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

मे महिना. आवाज नको म्हणून कूलर बंद, पंखाही बंद.
कागदावर छापलेलं : "मला छातीत वेदना होत आहेत."
मी म्हटलं, मॅडम, असं कोणी मरत नाही नागपुरात.
मग डोळे मिटले. बाबांना आणलं समोर,
पाचपावलीतल्या मागावर, धोटा हातातच थांबलेला,
आणि ते म्हणाले होते तसंच म्हणालो :
"काही नाही बे. जरासा गॅस असंन.
छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटून राह्यलं."

मॅडम थोडा वेळ हेडफोन तसाच धरून बसल्या.
मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा घेऊ.
नर्सला कोणी बे म्हणतं का?"
मी 'बे' काढलं, 'बाई' घातलं.
बाबांच्या मरणात तेवढीच दुरुस्ती.

पुतळ्याचे ठोके मीच लावतो.
पुस्तकात त्याला लब-डब म्हणतात.
मला मागच ऐकू येतो, खट आणि खट,
आणि सूत तुटायच्या आधीची ती
दबलेली, अर्धी, तिसरी खट.
तिलाही पुस्तकात नाव आहे.
मुली स्टेथो लावून ओळखतात,
मी माझं कुणाला सांगितलेलं नाही.

सहा महिन्यांनी आकडे आले :
गट ब मनगट धरतो
सरासरी नऊ सेकंद आधी.
मॅडम म्हणाल्या, नमुना लहान आहे,
निष्कर्ष जपून काढावा लागेल.
मी घरी जाताना मेडिकल चौकाच्या सिग्नलला
नऊ सेकंद मोजून पाहिले.
पुष्कळ असतात.
मागून हॉर्न वाजायला लागले तरी
उरले होते.
बाबांच्या वेळी आम्ही
दोन तास ओवा शोधत होतो.

परवा बायकोचं बीपी दाखवायला गेलो.
ओपीडीत उभं राहायला जागा नाही,
पोरं रडताहेत, कोणाचा तरी डबा सांडलेला.
टेबलाशी एक मुलगी, मास्क लावलेली,
खाली मान घालून रजिस्टर भरत होती.
मी म्हटलं, "बाई, एखादी खुर्ची भेटंन का?"

तिनं वर पाहिलंच नाही.
पेन पडलं,
आणि तिची तीन बोटं माझ्या मनगटावर होती,
नेमकी जागेवर, ना घट्ट ना सैल,
नजर घड्याळाकडे, मास्कच्या आत ओठ हलत होते.

बायको म्हणाली, "अहो बाई, पेशंट मी आहे."
मी तिला डोळ्यांनीच थांब म्हटलं.
मोजू दे.
पूर्ण मिनिट मोजायचं असतं,
मीच शिकवलंय.