मुद्देमाल

आचारसंहिता लागली की माझी खोली भरते.
दुनळ्या भिंतीला टेकवून, पिस्तुलं कपाटात,
ठासणीच्या बंदुका पोत्यात गुंडाळून खाली,
आणि तेलाचा, जुन्या चामड्याचा वास
डब्यातल्या भाकरीलासुद्धा.

मी लिहिते : नाव, गाव, परवाना, नळीवरचा आकडा.
आकडा झिजला असेल तर खडू घासते, मग दिसतो.
करवीर ठाण्यात एकवीस वर्षं खडू घासतेय.

राजारामपुरीचे वकील आले,
पक्षकाराचं पिस्तूल रुमालात.
म्हणाले, "मॅडम, जीव राखायचा हक्क सरकार देत नसतं,
तो जन्मासोबत येतो, नाळेसारखा.
आज तुम्ही यादी करता.
उद्या ज्याच्या हातात यादी, त्याच्या हातात आम्ही."
मी विचारलं, "काडतुसं किती?"
"दहा."
मोजली. आठ होती.

त्यांच्या मागं म्हारूळचे तातोबा शेळके.
"नाळेचं मला काय ठावं न्हाई, बाई.
निवडणूक हाय म्हणून डुकरांस्नी कुणी सांगितलंय का?
म्हैनाभर ऊस त्येंचाच की वो."
पावती त्यांनी चंचीत ठेवली, सुपारीशेजारी,
आणि बंदुकीला हात लावून गेले,
बैल बाजारात सोडून जावं तसे.

दुपारी इंदुताई चौगुले.
नवऱ्याची जमा झाली का, एवढंच विचारायचं होतं.
पान काढून दाखवलं. अनुक्रमांक एकशे बारा.
तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं
आणि ठेवूनच राहिली.
"निकाल कवा?"
सांगितला. त्याच्यापुढं आठवडा, मग परत.
"म्हंजे पंचेचाळीस रात्री," ती म्हणाली.
दिवस नाही म्हणाली.

वकीलसाहेब, तुमचं मी ऐकलं नाही असं नाही.
माझा आजा यादीत होता.
त्याची बंदूक नव्हे, तोच.
फासेपारधी : नाळ तुटायच्या आत गुन्हेगार.
चावडीवर दिवसातून तीनदा हजेरी,
रात्री झोपेतून उठवून आणखी एकदा,
आहे ना, म्हणून.
तित्तर धरायच्या फाशाशिवाय
त्याच्याकडं हत्यार नव्हतं.

पुढं दाखल्याला पुरावा हवा झाला.
जन्माची नोंद नाही, शाळेची नाही, सातबारा कुठला.
बाप चार वर्षं फिरला कचेऱ्यांतून.
शेवटी आजा सापडला पोलिसांच्याच एका रजिस्टरात,
वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या पानावर :
उंची पाच फूट दोन, डाव्या गालावर व्रण, नजर चोरटी.
त्या नजरेवर मला ही नोकरी लागली.

तेव्हा यादी बरी की वाईट, मला विचारू नका.
लोखंडावर आकडा कोरला
तर त्याची आई रात्रभर बसून राहत नाही, एवढं कळतं.
आणि अक्षर मी नीट काढते.
कुणाच्या नातीला कधी वाचायला लागेल, सांगता येत नाही.

निकाल लागला. गुलाल वाळला. आठवडा सरला.
तातोबा पहिले आले, वाकून नळीतून उजेड बघितला.
"ऊस?"
"हाय थोडा. त्येंनी ठेवला तेवढा."
वकील आले. आठ काडतुसं मी आठच लिहिली होती.
सही करताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

चार वाजता एकशे बारा.
इस्त्रीचा शर्ट, पावती घडी न मोडलेली,
बोलायला अगदी गोड : "ताई, तेवढं आमचं द्या."
कागद सगळे बरोबर होते. हक्क होता.
मी कपाटात किल्ली शोधली,
टेबलाच्या खणात शोधली,
मग म्हटलं, साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या.

किल्ली कमरेला होती.
चालले की वाजते, म्हणून
तो फाटकाबाहेर पडेपर्यंत
मी जागची उठले नाही.