वीस मिनिटांनंतर

बेलापूर, सेक्टर पंधरा, चौथा मजला.
मितेश हिराजी नाखवा, वय नऊ, राहणार दिवाळे गाव.
केसांत पांढरी पेस्ट, एकवीस तारा.
रात्री जागवून आणा, असं आम्हीच लिहून दिलं होतं.

मी शब्द वाचते. दर मुलापुढे तोच सूर,
तेवढंच थांबणं:
कंदील. बैल. पायरी. साबण.
एकूण दहा. यादी माझीच,
पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली,
आता झोपेतही मला ती कुणीतरी वाचून दाखवतं.

लगेच विचारलं तर सात सांगतो.
वीस मिनिटांनंतर
खिडकीकडे बघतो. "कसले शब्द?"
मग माझ्याकडे: "तू कोन?"

ही आमची पाचवी भेट.

एमआरआयवर दोन्हीकडचा तो भाग आक्रसलेला,
करंगळीएवढाच असतो मुळात.
समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून नावही त्याचंच,
असं मी हिराजींना समजावलं, तर म्हणाले,
"आमचे जाल्यान येतो कवा कवा. सोरून देताव."

रकान्यात शून्य लिहिलं.
मान वर केली, तर मांडीवर
टोपीची सुटलेली नाडी, आणि बोटं चाललेली.
वळसा, खालून, ओढ.
वळसा, खालून, ओढ.
चार घरं झालीसुद्धा, एका मापाची.

"कुणी शिकवलं रे?"
"मना नाय ठाव."
हातांकडे असा बघतो
जसे ते शेजारच्यांचे, खेळायला आलेले.

बाप दारात ओशाळलेला.
जागवायचा होता ना, म्हणून जेट्टीवर नेला,
टॉर्च धरला, फाटकं जाळं पुढ्यात टाकलं.
एकच गाठ. दोन वाजेपर्यंत चुकत होता.
मग जमली.

म्हणजे कालची रात्र.
ती जेट्टी, तो टॉर्च, बापाची शिवी,
यातलं काहीही त्याच्यापाशी नाही.
गाठ आहे.

याला आमच्याकडे नाव आहे,
चाळीस मिनिटांच्या तासात मी ते शिकवते,
फळ्यावर दोन चौकोन काढते, मधे रेघ.
काल रात्री चौकोनाबाहेर कोण जागं होतं,
हे कुठल्या रकान्यात भरू?

पेन ठेवलं. म्हटलं, मला शिकव.
तोंडाने सांगता येईना त्याला.
माझा अंगठा धरला, वाकवला,
नाडी वरून घेतली. मी ओढली.
सगळं गुंतून बसलं.

तो तारांसकट वाकून बघत राहिला.
"चुकला," म्हणाला.
"सोर. परत."