सतरा नंबरची सीट

दादरला अजूनही कुणीतरी विचारतं,
"पुण्याची एशियाड कुठं लागते हो?"
गाडी कधीच बदलली, रंगही बदलला,
नाव तेवढं तोंडात राहिलं,
सासरी म्हातारी झालेल्या बाईच्या
माहेरच्या हाकेसारखं.

ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात
आमच्या मजल्यावर एकच रंगीत टीव्ही, कुडतरकरांचा.
बटण बिघडलेलं, म्हणून अख्खा आशिया हिरवा.
हिरवे जपानी, हिरवे कोरियन,
अप्पू हत्तीसुद्धा कच्च्या कैरीसारखा.
हॉकीच्या फायनलला सात गोल बसले
तेव्हा कुडतरकरांनी उठून टीव्हीवर चादर टाकली
आणि आम्ही पोरं चपला शोधत बाहेर.

बाबा सांगायचे, एक्कावन साली पहिला डाव मांडला
तेव्हा अकराच देश होते.
कुर्ल्याच्या सलूनात, चार दिवसांच्या शिळ्या पेपरात
त्यांनी वाचलं, वॉटर पोलोत आपल्याला सोनं.
त्यांना वाटलं,
पाण्यात घोडे उतरवले तरी कसे?
दाढी होईपर्यंत विचार करत बसले.

पुढच्या वर्षी दिल्लीहून गाड्या आल्या.
खेळाडूंची ने-आण केलेल्या त्याच या,
असं डेपोत जो तो सांगायचा.
बाबा मुंबई सेंट्रलला, सीटा शिवायच्या खात्यात.
बाबल मेस्त्री. दाभण, काथ्या, रेक्झिन,
आणि तोंडात खिळे धरून बोलायची सवय.
सतरा नंबरची सीट उसवली
तर फटीतून निघालं एक फडकं,
वीतभर, चौकोनी, त्यावर काळा आकडा २१७.
चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना
आणि कडेला एक डाग, चहाचा की रक्ताचा.

दिगसकर फोरमन म्हणाला, "टाक कचऱ्यात."
बाबांनी टाकलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून
ते हातात धरून बसले.
पळणारीचं असेल? की भाला फेकणारीचं?
(पुरुषाचं असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.
आम्हा तीन मुलग्यांवर त्यांना मुलगी हवी होती.)
पदक मिळालेली कशाला असं फटीत कोंबेल?
आठवी आली असणार, ते म्हणाले,
आठ जणी धावल्या
तर कुणीतरी आठवी येणारच की.

पिना त्यांनी खिशात टाकल्या.
फडकं परत काथ्याखाली सरकवलं,
वरून नवं रेक्झिन ताणलं
आणि टाके नेहमीपेक्षा जवळजवळ घेतले.

चौदा वर्षं ती दादर-पुणे धावली.
सतरावर कोण कोण बसलं असेल,
मुलाखतीला निघालेला, बाळंतपणाला निघालेली,
घाटात ओकणारी पोरं,
आणि पाठीमागे, इंचभर आत, ती आठवी.
पुण्याला आत्याकडे जाताना
बाबा खिडकीवर सतराच मागायचे.
एकदाही ती गाडी लागली नाही.

भंगारात निघाली तेव्हा बाबा घरी बसले होते.
साकीनाक्याला जाऊन आले, कुणाला न सांगता.
शर्टाच्या बाहीला ग्रीस.
आईने विचारलं नाही, फक्त शर्ट भिजत घातला.

पिना आईच्या बांगडीत होत्या.
एक माझ्या शाळेच्या बिल्ल्याला गेली,
एक खालच्या मजल्यावरच्या बारशाला,
एक कशी गेली ते कळलंच नाही.
चौथी आहे. गंजलीय, पण टोक शाबूत.

काल संध्याकाळी आईने ती
परकराच्या नाडीला टोचली,
नेफ्यात शिरवली,
आणि चुण्या मागे सारत, बोटांनी चाचपत
पुढे पुढे ढकलत राहिली.
टीव्हीवर कुठल्यातरी देशात
कसलीतरी शर्यत चालू होती, आवाज बंद.
मध्येच पिन अडकली. ती थांबली,
चष्मा वर केला, पुन्हा ढकलू लागली.
"आली बघ," ती म्हणाली.
मी टीव्हीकडे पाहिलं.
पिन नेफ्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर आली होती.