पकड

जामनेर रोड, मे महिना, दुपारचे तीन.
शटर अर्धं ओढलेलं.
कूलरमध्ये पाणी कमी, आवाज जास्त.
ती वाकून आत आली
आणि पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली
एक बट. तपकिरी, सरळ, नको तेवढी चकचकीत.
म्हणाली, काका, ह्याची टोकं कशानं जुळवू?
बुटाच्या नाडीला असतं ना, तसं कडक टोक पाहिजे.
मण्यातून ओवायचंय.

एकोणतीस वर्षं मी चिकटायच्या वस्तू विकतो.
पाइपाचं सोल्युशन, सनमायकाचं, पंक्चरचं,
दोन नळ्यांतलं कालवून लावायचं,
सुताराचा पांढरा डबा.
केसांचं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तिनंच बोट ठेवलं
त्या बारक्या नळीवर, क्षणात धरणाऱ्या,
जिनं एका दसऱ्याला
माझी दोन बोटं दुपारपर्यंत एकमेकांना बांधून ठेवली होती.
मी म्हटलं, थांब.
गल्ल्यामागून चिमूटभर कापूस काढला
(आपल्याकडे कापूस शोधावा लागत नाही)
आणि त्यावर सोडले दोन थेंब.
आम्ही बघत राहिलो.
आधी काही नाही.
मग धुराची एक बारीक रेघ,
डोळ्यांत झोंबणारी,
आणि कापूस असा तापला की मी तो वजनकाट्यात टाकला.

हे लावणार तू डोक्याला?

ती बोलली नाही. ओढणी सरकवली.
कानामागे चाई, रुपयाएवढी, गुळगुळीत.
तिच्याखाली दुसरी, चाराण्याएवढी.
ती नवी असावी.

मग ते बंदुकीतलं? गरम कांडीचं?
अगं, हे केस कुठले, प्लास्टिकची दोरी आहे ही.
गरम लागलं की आकसून गोळा होईल.
आणि गार होऊन धरलंच समजा,
तर भुसावळच्या उन्हात
स्टेशनापर्यंत तरी राहील का धरून?

ती गेली. बट राहिली.

रात्री विमल केस विंचरत होती.
आता गुंतवळ करंगळीला गुंडाळण्याइतकंच निघतं.
पूर्वी भिंतीतल्या कोनाड्यात मूठमूठ साठायचं,
आणि केसांवर भांडी देणारी बाई
दारात बसून ते हातावर तोलायची.
आमच्या मांडणीत अजून तीन वाट्या आहेत
विमलच्या केसांच्या.
ते केस कुठे गेले, कोणाच्या डोक्यावर,
विचारायचं सुचलं नाही.
त्या वाट्यांत आम्ही कढी पितो.

यावलचा मामा असता तर म्हणाला असता,
केळीचा चीक लाव, जन्मात सुटणार नाही.
खरं होतं त्याचं. त्याचा एकही सदरा
डागाशिवाय मी पाहिला नाही.
पण न सुटणारं हवंय कुणाला?

शुक्रवारी ती परत आली. लतिका तायडे,
नाव बिलासाठी विचारलं तेव्हा कळलं.
काका, जमलं.
पाण्यातला गोंद, ब्लाउजला टिकल्या लावायचा, वास नसलेला.
आधी कोपराच्या आत थेंबभर लावून दोन दिवस थांबले.
खाज नाही, लाली नाही.
मग टोकं चिमटीत वळली,
ताटाच्या काठावर रात्रभर वाळत घातली,
सकाळी तिरपी कापली.
डोक्याला गोंद लागतच नाही, काका.
धरायचं काम मण्याचं.
तेही चाईपासून लांब, दाट केसांत.
डॉक्टरीणबाईंनी बजावलंय,
उघड्या जागेला काही म्हणजे काही लावायचं नाही.

मग माझ्याकडे काय काम?

मणी दाबायला काहीतरी द्या ना.

मी शिडीवर चढलो. वरच्या खणातली
बारीक तोंडाची पकड काढली,
वायरमन नेतात ती. तेल पुसून तिच्या हातात दिली.
तिनं हवेतच दोनदा मिटून उघडून पाहिली.
फार जोरात दाबू नकोस, मी म्हटलं,
उलटी दाबली की सुटलाही पाहिजे.
माहिती आहे, म्हणाली.
आणि नव्वदचे ऐंशी करा.

केले.

तिची ती पहिली बट
तशीच आहे उधारीच्या वहीत, खूण म्हणून.
परत द्यायची राहिली.
विमल कधी वही उघडत नाही,
पण उघडलीच,
तर कापसापासून सांगावं लागेल सगळं.