तू काढलेलं सांगू नकोस

अंबाजोगाई, रात्रीचे तीन वाजून दहा.
मॉनिटरची टिकटिक,
आणि बेड चारच्या अयोध्याबाईंचा श्वास
घाट चढणाऱ्या केजच्या गाडीसारखा.

किडन्या थकलेल्या, वजन एकोणचाळीस किलो,
पायात रक्ताची गाठ.
कागदावर लिहिलेलं: हेपॅरिन, एक हजार युनिट.
रोजचंच. मी एक एमएल भरलं.
बोटांना ते माप पाठ झालंय.

"दैवशाला सिस्टर, सही करता?"

चहाचा कप ठेवून ती उठली.
"तू काढलेलं सांगू नकोस.
सिरिंज झाक. बाटली दे."

मला राग आला, खरं सांगते.
सोळा बेड, आम्ही दोघी,
बेड नऊवर दुसरी अयोध्याबाई, आडनावही ढगेच,
तिच्या इन्सुलिनची वेळ टळत चाललेली,
आणि ही बाई चष्मा पुसतेय
निवांत,
लग्नाची पत्रिका वाचायला घेतल्यासारखी.

ओठ हलवत वाचलं तिनं. परत वाचलं.
पेनानं तळहातावर गणित मांडलं
आणि हात माझ्यापुढं धरला:
०.२

कालपर्यंतची बाटली एका एमएलला हजाराची.
दुपारी स्टोअरमधून आलेली, पाच हजाराची.
तेच झाकण, तोच निळा पट्टा, तेवढीच उंची.
आकडा तेवढा वेगळा,
तोही मुंगीएवढा.

माझी सिरिंज ट्रेमध्ये, रुमालाखाली.
पाचपट.

ती ओरडली नाही.
नवी सिरिंज फोडून हातात दिली,
मनगटावरची पट्टी मोठ्यानं वाचायला लावली,
नाव, नवऱ्याचं नाव, नंबर,
मग म्हणाली, आता दे.

नंतर रजिस्टर उघडलं.
"पण काही झालंच नाही की, सिस्टर."
"तेच लिही. काय झालं नाही,
अन् कशामुळं होणार होतं.
सकाळच्या पोरीच्या हाताला हीच बाटली लागणार हाय."

लिहिलं. अक्षर जरा हललं.
तिनं खोक्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली,
दातांनी तोडली.

साडेपाचला अयोध्याबाईंनी डोळे उघडले.
"माय, म्हशीला पाणी दावलं का गं?"
दावलं, म्हणाले.

बेसिनपाशी दैवशाला सिस्टर हात धूत होती,
साबण लावून, घासून, परत लावून.
ते ०.२
निघता निघेना.