पाचशे अंशांवर

अंबडच्या शेडमध्ये, डिसेंबरात,
सकाळी नऊलाही पत्रा गारठलेला.
मी तार बोटाभोवती गुंडाळते,
तिचा पार चोळामोळा करते
आणि उकळत्या पाण्यात सोडते.
ती सरळ होते.
हजेरीत नाव पुकारल्यावर
एखादी पोर उभी राहावी, तशी.

निम्मं निकेल, निम्मं टायटॅनियम.
दोन वर्षं हिच्यासोबत आहे,
तरी दर वेळी कप जवळ ओढून बघते.

शेजारच्या टेबलावर जब्बार
द्राक्षांच्या पेटीवरची पट्टी रंगवतो.
गाडी वाटेत उन्हात थांबली
की पट्टी जांभळी होते, पुन्हा पांढरी होत नाही.
"माझी चहाडखोर," तो म्हणतो, "तुझी हट्टी."

चाचणीला आलेला पाचवा माणूस :
मोरेश्वर गोविंद तांबट, वय एकाहत्तर,
भद्रकालीमागच्या गल्लीतून, बसने,
मुलाचा खांदा धरून.
अर्धांगानंतर उजवी मूठ
मिटली ती मिटलीच.
नखं तळव्यात रुतू नयेत
म्हणून आत रुमालाची गुंडाळी.

मी हातमोजा दाखवला.
बोटांच्या पाठीवर पट्ट्या, खाली फेल्टचं अस्तर,
मनगटावर बॅटरी.
बटण दाबलं की पट्टी तापते,
शिकवलेला आकार घेते, बोटांना सोबत नेते.

त्यांनी मोजा बाजूला सारला,
एक सुटी पट्टी दातांत धरून वाकवली.
"हिला शिकवलं कुणी?"

भट्टीनं, मी म्हटलं.
हवा त्या साच्यावर आवळायची,
पाचशे अंश, बारा मिनिटं,
मग थंड पाणी.
नंतर कितीही वाकवा,
ऊब लागली की तोच आकार.

ते हसले, अर्ध्या चेहऱ्यानं.
"आमचं तांबं उलटं.
ठोकून ठोकून ताठरतं,
एकेक घाव मनात धरतं,
अजून एक घातला तर तडकेल इतकं.
मग लाल तापवायचं, पाण्यात बुडवायचं,
की सगळं विसरतं.
पन्नास वर्षं मी विसरायला लावायचं काम केलं, बाई."

मी हे लिहून घेतलं, उगाच,
'वापरकर्त्याच्या अपेक्षा' या रकान्यात.

खालच्या रकान्यात आधीच लिहिलेलं :
पंजा, पूर्ण उघडा.
आधीच्या चौघांना तोच हवा होता.
घास, शर्टाची बटणं, नातवाचं डोकं.

"उघड्या हाताचं मी काय करू?
एवढा कर."
पिशवीतून त्यांनी हातोडी काढली, मठारायची.
बाभळीचा दांडा,
अंगठा टेकतो तिथे खोलगट झिजलेला.

व्हर्नियर लावला.
तीस मिलिमीटर, झिजेपाशी सव्वीस.
लेथवरचा सोपान कुरकुरला,
"सरळ दांडा मुद्दाम वाकडा कातायचा?"
कात, म्हटलं. झिजेसकट.

गुरुवारी मोजा चढवला.
रुमालाची गुंडाळी काढली, बटण दाबलं.
मूठ हातोडीपुरती उघडली,
केसभरही जास्त नाही.
दांडा आत सरकवला, बटण सोडलं,
पट्ट्या निवल्या
आणि जी मूठ दोन वर्षं उघडत नव्हती
तिनंच दांडा घट्ट धरला.
हे मी आराखड्यात योजलं नव्हतं.

मुलानं घरून तपेली आणली होती, कोरी.
त्यांनी तीन घाव घातले.
पहिला निसटला.
दुसरा, तिसरा शेजारी शेजारी बसले,
मग खांदा भरून आला.
"ओळ वाकडी गेली," म्हणाले,
आणि लगेच, "पाणी दे रे."

अहवालात पुढे :
काही हजार वेळांनंतर पट्टीही थकते.
वजन कमी करावं. बटण डाव्या हाताला मोठं हवं.
एका कामगाराचा हात सर्वांना कसा विकायचा,
यावर सोमवारी बैठक.

तपेली ते टेबलावरच विसरले,
की ठेवून गेले, ठाऊक नाही.
भट्टी अजून धगधगते आहे.
मी तपेली उचलून
पलीकडे, खिडकीच्या गार फरशीवर ठेवली आहे.