शिंका

सकाळचे सात. चहा अजून ओतायचा होता.
टेबलाखालून शिंक आली,
वाळकी काडी मोडावी एवढीच.
मग आणखी एक. मग लागोपाठ सात.

वाकून पाहिलं.
क्नोफ्लीकचं नाक ओलं, ओठावर चिकट पाणी,
पुढच्या पंजांच्या आतली लव
गुठळ्या होऊन वाळलेली.
म्हणजे रात्रभर हा बाहीला नाक पुसत होता,
शाळेतल्या पोरासारखा.

मागच्या अंगणात माझे पिंजरे होते, तीन मजली,
चाळीस वर्षं.
त्यांत कुणी शिंकलं तर औषध एकच:
दिवस मावळायच्या आत, कोठाराच्या मागे,
बाकीच्यांना लागण व्हायच्या आधी.
आई तसंच करायची, तिची आईही.
शिंकणारा खायचा नाही,
अक्रोडाखाली पुरायचा.
अक्रोड चांगला धरायचा.

त्यांतल्या कुणाला नाव नव्हतं.
याला आहे. क्नोफ्लीक, म्हणजे बटण.
नाव अपोलेनानं ठेवलं,
आणि ससा माझ्याकडे ठेवला.
ब्रनोच्या वसतिगृहात जनावर चालत नाही.

प्रोस्त्येयोव्हची बस. मांडीवर टोपली,
टोपलीवर लोकरी स्कार्फ.
दवाखान्यात आखूड पायांचा कुत्रा घेऊन पाव्हलीक बसलेला.
"बोहुश, तू? ससा घेऊन? डॉक्टरकडे?"
नातीचा आहे, मी म्हणालो.

डॉक्टरीण पोरसवदा, पण हात सराईत.
दात पाहिले, छाती ऐकली,
नाकात कापसाची काडी फिरवली.
म्हणाली, ससा नाकानंच श्वास घेतो,
तोंडानं घेणं त्याला जमत नाही.
म्हणाली, हा आजार मुळापासून जाईलच असं नाही,
दबून राहील, सांभाळावा लागेल.
आणि खाणं थांबलं
तर सकाळची वाट पाहू नका.

चाळीस वर्षं ससे पाळले.
नाकाचं मला ठाऊक नव्हतं.

आता गवत बाहेर नेऊन झटकतो,
धूळ उडते, मीच शिंकतो.
खालचा भुसा रोज बदलतो,
मुताचा वास नाकाला झोंबतो म्हणे.
दिवसातून दोनदा टॉवेलात गुंडाळून
सुई नसलेल्या सिरिंजनं औषध.
अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या मनगटावर.

आणि वाफ.
यंत्र विकत घ्यावं लागलं नाही.
कपाटाच्या वरच्या फळीवर व्लास्ताचं होतं,
नळी नीट गुंडाळून तिनंच ठेवलेलं,
शेवटच्या खेपेला इस्पितळात निघताना.
आल्यावर लागेल, म्हणाली होती.

केळ्यांच्या खोक्याला भोक पाडलं,
नळी आत सोडली, मिठाचं पाणी घातलं.
बटण दाबलं आणि तीच घरघर.
मी त्याच स्टुलावर बसलो होतो,
हे जरा उशिरा लक्षात आलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरावर रेघा ओढतो,
शिंकेला एक.
सोमवारी एकतीस. मंगळवारी एकोणीस.
बुधवारी पुन्हा सव्वीस,
तेव्हा अपोलेनाला फोनवर सांगितलं, बरा आहे.
तिनं विचारलं, तुम्ही?

आमच्याकडे म्हणतात,
बोलताना कुणी शिंकलं तर बोललेलं खरं.
रात्री खोक्याशी बसून मी बोलून पाहतो.
म्हटलं, ईस्टरला ती येणार.
शिंकला.
म्हटलं, अक्रोडाखाली किती गेले, मी मोजले नाहीत.
दोनदा शिंकला.
म्हटलं, हे सगळं मी फक्त पोरीसाठी करतोय.

यंत्र बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.
खोक्यात गवत चावल्याचा आवाज.
पेन्सिल हातात धरून बराच वेळ थांबलो.
शिंकला नाही.